नवी होडी घेणाऱ्यांस चार गोष्टी



विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पांगाऱ्याचा बिंडा ठाऊक असतो. पाठीला बिंडा, नाही तर सुका भोपळा बांधायचा, दोराचे टोक काठावरच्या वडीलधाऱ्याच्या हातात, आणि मग उडी. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण तोच पोर मोठा होऊन होडीचा मालक झाला, की त्याला जीवरक्षक जाकीट घालायची लाज वाटते. "आम्हाला काय पोहता येत नाही होय?" असे वर विचारतो!

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी करमाळा, इंदापूर भागांत दूरवर पसरले. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. मग माणूस होडीत बसतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान लेकरे होती. लेकराला कुठले आले पोहणे?

म्हणून पहिली गोष्ट: होडीचा व्यवहार ठरवताना इंजिनाच्या किमतीबरोबर जाकिटांची किंमतही धरा. जितकी माणसे, तितकी जाकिटे. मुलांसाठी मुलांच्या मापाची. जाकीट घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकले, तर ते सैल आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. आणि ते काठावरच घाला. होडी कलंडल्यावर फळीखालचे जाकीट शोधायला सवड मिळत नाही.

दुसरी गोष्ट: होडीत जास्तीची वल्ही, लांब दोर, हवा भरलेली ट्यूब, पाणी उपसायला डबा, शिट्टी आणि विजेरी असू द्या. डबा दोरीने बांधून ठेवा, नाही तर गरजेच्या वेळी तोच आधी वाहून जातो.

तिसरी गोष्ट शिकण्याची. सामान विकत मिळते, सवय विकत मिळत नाही. जाणत्या नावाड्याबरोबर काही दिवस फिरा. पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते, हे आपण पाहता. तशाच कितीतरी भिंती आणि झाडांची खोडे पाण्याखाली दबा धरून असतात. त्या जागा त्याच्याकडून समजून घ्या. वजन मधोमध व खाली ठेवा, कुणाला उभे राहू देऊ नका. लाट आडवी घेऊ नका, होडीचे तोंड लाटेकडे ठेवा. उलटलीच, तर ती तरंगते तोवर तिला धरून राहा. काठ दिसतो तितका जवळ नसतो. हे सारे कमरेइतक्या पाण्यात, जाकिटे घालून, एकदा करून पाहा.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड: नाही म्हणणे. वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर आभाळ काळवंडले, वारा एकदम पडला, की वळीव आलाच समजा. पाहुणे घाई करतील, भाडे बुडेल. बुडू द्या. यंत्रावर चालणाऱ्या नावेची तपासणी व नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने सांगितली आहे, तीही करून घ्या. पण आभाळ पाहून होडी खुंटीला बांधणे हे कागद करीत नाही, ते मालकानेच करायचे असते.

गुरुजनहो, आपणांस एक विनंती. शाळेत एक जाकीट आणा, प्रत्येक मुलाला ते स्वतः बांधायला लावा. बुडणाऱ्याकडे उडी घेण्याआधी काठी पुढे करावी, दोर फेकावा, मोठ्यांना हाक मारावी, हे शिकवा. मग ते पोरच होडीत पाय ठेवण्यापूर्वी बापाला विचारील, "बाबा, तुमचा बिंडा कुठाय?"

त्या प्रश्नाला उत्तर आपल्या अंगावर असू द्या.