घरी जायची वाट



गेल्या रविवारी जेवणं उरकल्यावर आम्ही घरात ‘लापता लेडीज’ हा हिंदी सिनेमा बघितला. पुतणीनं लावून दिला. सासूबाई म्हणाल्या, “मी थोडाच वेळ बसते,” आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मला सिनेमातलं फार कळतं असं नाही. पण त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

साल २००१. रेल्वेच्या एकाच डब्यात दोन नव्या नवऱ्या. दोघींची लाल साडी सारखीच, पदर हनुवटीपर्यंत. रात्री उतरायच्या गडबडीत दीपक दुसरीलाच घेऊन उतरतो. त्याची फूल गाडीतच राहते आणि पुढच्या एका स्टेशनावर एकटी सापडते. सासरचं गाव कुठलं? तिला नीट ठाऊक नाही. नवऱ्याचं नाव? ते तोंडानं घ्यायचं नसतं.

स्टेशनावर टपरी चालवणारी मंजू माई तिला आसरा देते. हे काम आपल्या छाया कदम यांनी केलंय, ‘सैराट’मधल्या सुमनअक्का. फूल अभिमानानं सांगते, आईनं मला स्वयंपाक, शिवण, भजन, सगळं शिकवलंय. माई विचारते, आणि घरी कसं जायचं ते शिकवलं का?

आमच्या घरात सगळ्या गप्प झाल्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, “मी तरी माहेरी एकटी कधी गेले? आधी भाऊ न्यायला यायचा, आता नातू सोडतो. एसटी कुठं बदलायची, मला आजही सांगता येणार नाही.” मला हसू येणार, तोच पुतणी म्हणाली, “काकू, काकांचा फोन नंबर सांगा बरं.” मला सांगता आला नाही! मी गटाचा हिशोब ठेवते, बँकेत जाते. पण फोन बंद पडला तर मी आणि फूल सारख्याच.

उखाण्यात नाव घ्यायला आपण पुढे असतो. पण दवाखान्यात केसपेपर काढताना नवऱ्याचं नाव विचारलं, की कितीजणी शेजारणीकडं बघतात! पदर घ्यायचा की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण आपला पत्ता आपल्याला सांगता आलाच पाहिजे.

म्हणून एक करूया. पुढच्या बैठकीत बचत गोळा करण्याआधी प्रत्येकीनं उभं राहून, कागद न बघता, आपलं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि घरातले दोन फोन नंबर सांगायचे. जिला येणार नाही तिला हसायचं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचं. सोबत तीन नंबर पाठ करा: कुठल्याही संकटात ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि रेल्वेत अडचण आली तर १३९. मुलीचं लग्न ठरलं, की रुखवताच्या आधी सासरच्या गावाची वाट तिला दाखवा. कुठली गाडी, कुठं उतरायचं, परत कसं यायचं, सगळं.

सिनेमात फूल टपरीवर कलाकंद करते आणि माई तिच्या हातावर कामाचे पैसे ठेवते. ते पैसे बघताना तिचा चेहरा जरूर बघा.

आणि हो, येत्या रविवारी सासूबाई माहेरी निघाल्यात. गाडी त्याच विचारणार, तिकीट त्याच काढणार. मी नुसती मागच्या सीटवर बसणार आहे.