सात हेक्टरांचा मळा आणि त्याचे नाव



माझ्या भाषणाचा विषय व्याख्यानमालेच्या चालकांना कळला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, केळीच्या गावात तुम्ही दारूवर बोलणार?" त्यांची शंका रास्त होती. कामगारांच्या वस्त्यांतून सारे आयुष्य हिंडलेल्या माणसाला दारू काय करते हे कोणी सांगावे लागत नाही. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर नवऱ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींना रिकाम्या हातांनी घरी जातानाही पाहिले आहे. तेव्हा पिण्याची शिफारस करायला मी येथे उभा नाही. एक लहानसा मळा, त्याचे मोठे नाव, आणि ते नाव कोणाच्या हातांनी राखले जाते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

फ्रान्सच्या पश्चिमेस ल्वार नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी आंजे शहराजवळ साव्हनिएर हे खेडे आहे, आणि त्या खेड्याच्या उतारावर 'कूले द सेरां' नावाचा द्राक्षमळा आहे. त्याचे क्षेत्र किती? सुमारे ७ हेक्टर, म्हणजे आपले सतरा एकर. एवढे रान रावेर तालुक्यातल्या एखाद्या बऱ्या बागायतदाराकडेही सापडेल. पण ११३० साली सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी तेथे प्रथम वेली लावल्या, आणि आज नऊशे वर्षे होत आली तरी त्या उतारावर दुसरे पीक नाही. फ्रान्समधला कुर्नोन्स्की नावाचा प्रसिद्ध खाद्यरसिक देशातल्या पाच श्रेष्ठ पांढऱ्या मद्यांत याची गणना करीत असे. तो जन्माने आंजेचाच होता, तेव्हा थोडा गावाभिमान वजा धरा; तरीही बाकी पुष्कळ उरते.

हे मद्य पांढरे आणि 'कोरडे' म्हणून ओळखले जाते. कोरडे म्हणजे काय, हे मलाही वाचूनच कळले. द्राक्षाच्या रसात साखर असते. किण्व ती साखर खाते आणि तिचे मद्यार्क बनवते. किण्वाला सारी साखर खाऊ दिली की गोडी उरत नाही. जे उरते ते कोरडे. गोडीखाली पुष्कळ दोष झाकता येतात. कोरड्यात झाकायला काही नसते. फळ कच्चे होते की कुजके होते, हे जीभ लगेच ओळखते. म्हणून येथे सारा भार तोडणाऱ्यावर येतो. त्या मळ्यात द्राक्षे एकदाच सरसकट तोडत नाहीत. तोडणारे चार-पाच वेळा फिरतात आणि प्रत्येक फेरीत पिकलेलेच घड घेतात. आपल्याकडे केळीची कापणी करणारा गडी घड भरला आहे की नाही हे नजरेने जोखतो आणि मगच विळा चालवतो. तीच ही विद्या. काही उतार इतके उभे आहेत की यंत्र चढत नाही, नांगराला घोडा जुंपावा लागतो. चांगल्या वर्षी साऱ्या मळ्याच्या वीस-पंचवीस हजार बाटल्या होतात. साऱ्या जगाला मिळून एवढ्याच. ही दुर्मिळता जाहिरातीने आलेली नाही. कमी पिकवायचे आणि नीट पिकवायचे, या नेमाने ती आली आहे.

त्या वेलीचे नाव शेनिन ब्लां. आता ही वेल परकी राहिलेली नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस ती नाशिक जिल्ह्यात आली. १९९९ साली सुला कंपनी स्थापन झाली, २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण काढले, विंचूरला त्यासाठी उद्यान उभे राहिले. ल्वारकाठी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, छाटणी होते. आपल्या उन्हात वेल झोपतच नाही, म्हणून येथे दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा संपता संपता गोडी छाटणी. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी, इकडे जानेवारी ते मार्च. वेलीचे मूळ पुष्कळदा डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटाचे, वरचा डोळा फ्रान्सचा, आणि हात पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी बायाबापड्यांचे.

त्या हातांची मी एकदा गाठ घेतली होती. छाटणीच्या दिवसांत एका मळ्याच्या बांधावर आम्ही बसलो होतो. एका बाईने मला विचारले, "दादा, ही द्राक्षं खायला आंबट लागतात, मग इतकी निगा कशाला?" मी सांगितले, याची वाईन होते, बाटली अमुक रुपयांना जाते. ती हिशेब करीत गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या दोन-तीन दिवसांची एक बाटली." अर्थशास्त्राची पुस्तके मी रात्री कंदिलाशी बसून वाचली, पण इतके नेमके वाक्य त्यांत मला सापडले नाही.

मंडळी, फ्रान्समध्येही हे नाव आणि हे नियम आकाशातून पडले नाहीत. १९०७ साली दक्षिणेकडच्या लांगदोक प्रांतात द्राक्षाला भाव उरला नाही. ते साधे, रोजच्या पिण्याचे तांबडे मद्य. व्यापारी त्यात साखर आणि पाणी घालून बनावट माल विकत होते. ११ मार्च रोजी आर्जेलिए गावचे ८७ लोक नार्बोनला तक्रार घेऊन गेले. त्यांचा पुढारी मार्सलँ आल्बेर हा गावात कॅफे चालवणारा साधा माणूस. दर रविवारी सभा वाढत गेल्या, आणि जूनमध्ये माँपेलिएला लाखो लोक जमले. मळेवाले होते आणि मजूरही होते. सरकारने सैन्य पाठवले. नार्बोनला गोळीबार होऊन माणसे मेली. पण सतराव्या पलटणीचे शिपाई त्याच मुलखातले होते. त्यांनी आपल्या लोकांवर बंदूक धरण्याऐवजी बंड केले. शेवटी २९ जून १९०७ रोजी बनावट मालाविरुद्ध कायदा झाला.

पण त्याच्या आधीच्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती प्रत्येक कार्यकर्त्याने गाठीला बांधावी. आल्बेर एकटाच पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटायला पॅरिसला गेला. क्लेमांसोंनी परतीच्या गाडीभाड्यासाठी त्याला शंभर फ्रँकांची नोट दिली, त्याने भोळेपणाने घेतली, आणि क्लेमांसोंनी ती हकीकत वर्तमानपत्रांना सांगितली. दुसऱ्या दिवसापासून लाखोंचा पुढारी कोणाचाच राहिला नाही. वाटाघाटीला एकट्याने जाऊ नये आणि भाडे आपल्या वर्गणीतूनच भरावे, हा धडा मी त्या नोटेपासून घेतला.

पुढे १९३५ साली फ्रान्सने गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारी संस्था उभी केली. १९५२ साली साव्हनिएरला ते मिळाले. कोणती वेल, किती उत्पन्न, कोणती जमीन, सारे ठरलेले. आपल्याकडे त्यालाच भौगोलिक मानांकन म्हणतात. आणि हा विषय मी रावेरला का आणला, ते आता सांगतो. २०१६ साली जळगावच्या केळीला हे मानांकन मिळाले. २०२१ च्या जूनमध्ये आपल्याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या बागांतली बावीस टन केळी त्या नावाने दुबईला गेली. मला त्याचा अभिमान वाटला. तुम्हांलाही वाटला असेल.

पण नाव ही सामाईक मिळकत आहे. कोणी कच्चा घड घाईने कापून त्या नावाखाली पाठवला, तर बुडते साऱ्यांचे नाव. आणि नियमांच्या साऱ्या यादीत एक कलम कोठेच नसते, फ्रान्समध्ये नाही आणि येथेही नाही: छाटणाऱ्याला, कापणाऱ्याला, घड खांद्यावर वाहणाऱ्याला काय मिळावे. माती मोजतात, पाऊस मोजतात, फळाची गोडी मोजतात. घाम मोजण्याची तजवीज मात्र नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी-पावरा बांधव ज्या बागांत राबतात, त्या बागांच्या नावात त्यांचाही वाटा आहे. घड वाहताना पाय घसरून कंबर मोडलेला एक गडी मी दवाखान्यात पाहिला. ज्याच्या मालासाठी तो पडला, त्याने त्याचे नावसुद्धा वहीत लिहिलेले नव्हते. मालाला नाव आहे आणि माणसाला नाही, ही स्थिती मला मान्य नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येथे बागायतदार बसले आहेत, व्यापारी आहेत, मजूरही मागे उभे आहेत. पुढच्या हंगामाआधी तिघांनी एकत्र बसावे. कापणीचा दर, अपघाताची भरपाई आणि हजेरीच्या वहीत प्रत्येकाचे नाव, एवढ्या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. सरकार सांगेल तेव्हा करू, असे म्हणू नये. आर्जेलिएहून निघालेले पहिल्या दिवशी अवघे ८७ होते. आज या मंडपात त्याहून अधिक माणसे आहेत.