टेम्पो सुरू होत नाही, तेव्हा…
(गटांच्या मासिक बैठकीतील बोलणं)

ताई-मावश्यांनो, गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या बाजाराला भाजी न्यायची, तर आपला टेम्पो नुसता ‘टिक-टिक’ करत होता. कुणी म्हणालं, बॅटरी गेली, नवीन घ्या. आपण आधी बॉनेट उघडलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी! खायचा सोडा आणि गरम पाण्याने घासलं, नट आवळला, गाडी सुरू.

म्हणून आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. उजेड मंदावला, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. लख्ख राहिला, तर बिघाड बहुधा स्टार्टरकडे. हात लावण्याआधी गाडी बंद करा, धातूच्या बांगड्या उतरवा. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. जवळ काडी पेटवू नका.

पैसा गटाचा आहे. आधी तपासू, मगच खर्च करू.