मिठामागून जाणारं पाणी

मी कलाशाखेचा बी.ए. विज्ञानाची आणि माझी सोबत दहावीच्या परीक्षेत सुटली ती सुटलीच. तरी आज मी एका किड्याच्या लघवीविषयी बोलणार आहे. नाक मुरडू नका. या विषयाकडे मला माझ्या अम्मीनं ढकललं.

अम्मीचं हृदय थकलं आहे. पायांवर सूज येते म्हणून तिला रोज सकाळी ‘पाण्याची गोळी’ असते. मागं एकदा आम्ही लग्नाला एस.टी.नं निघालो. वाटेतल्या स्टँडवर बायकांची काय सोय असते, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं कुणालाही न सांगता दोन दिवस गोळी घेतलीच नाही. तिसऱ्या रात्री आडवं पडलं की जीव घुसमटू लागला. दवाखाना, ऑक्सिजन, सगळं झालं. बरी झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘एवढीशी गोळी, एवढं पाणी कुठून काढते रे?’’ मला सांगता येईना.

म्हणून वाचायला बसलो आणि पोचलो थेट दक्षिण अमेरिकेत, ऱ्होडनियस नावाच्या रक्तपिप्या किड्यापाशी. आपल्या ढेकणाचा हा दूरचा भाऊबंद. शरीर पाणी बाहेर कसं टाकतं, हे शास्त्रज्ञांनी ज्या जिवांत बारकाईनं पाहिलं त्यांतला हा एक. याचं वाढतं पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या दहापट रक्त पितं. मग फुगून असं टम्म होतं की पळणं मुश्कील. ते हलकं होण्यासाठी पुढच्या तीन तासांत रक्तातलं बरंचसं पाणी आणि मीठ बाहेर काढून टाकतं.

हे काम चार बारीक नळ्या करतात. इटलीच्या माल्पिघीनं 1669 साली रेशमाच्या किड्यावरच्या ग्रंथात अशा नळ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माल्पिघीच्या नळ्या. एक टोक बंद, दुसरं आतड्यात उघडणारं. आपलं मूत्रपिंड रक्ताच्या दाबावर गाळतं. किड्याच्या रक्ताला तेवढा दाबच नसतो. मग नळीच्या पेशी पाण्याला हात न लावता मीठ, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, आत ढकलतात. मीठ गेलं की पाणी आपोआप मागोमाग जातं. अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. तिची गोळीही पाणी ओढत नाही. मूत्रपिंडातून रक्तात परत येऊ पाहणारं मीठ ती अडवते, आणि मिठासोबत पाणी बाहेर जातं.

पण उपाशी किड्यात या नळ्या जवळजवळ झोपलेल्या असतात. त्यांना उठवतं कोण? केंब्रिजच्या सायमन मॅड्रेल यांनी 1963 च्या सुमारास याचा छडा लावला. उपाशी किड्याची नळी बाहेर काढून द्रवाच्या थेंबात ठेवली, तर ती सुस्त. तिला नुकत्याच जेवलेल्या किड्याचं रक्त दिलं की ती भराभर स्रवू लागे. म्हणजे हुकूम रक्तातून येत होता! पोट ताणलं गेलं की मज्जातंतूंना कळतं, आणि त्यांच्या टोकांतून संप्रेरकं रक्तात सुटतात. त्यांतलं एक सेरोटोनिन, आपल्याही मेंदूत असणारं. दुसरं एक छोटं प्रथिन. दोघं मिळून जो जोर लावतात तो दोघांच्या वेगवेगळ्या जोराच्या बेरजेपेक्षा जास्त भरतो. नळीचा वेग हजारपट होतो. नळीचा खालचा भाग तेवढ्यातही पोटॅशियम परत घेतो, वाया जाऊ देत नाही. अम्मीच्या गोळीनं पोटॅशियम उतरू शकतं, म्हणून डॉक्टर अधूनमधून तिचं रक्त तपासायला पाठवतात. किड्याचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का म्हणायचा.

हे सगळं अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग त्याला थांबवतं कोण? नाहीतर सुकून मरेल की.’’ प्रश्न बरोबर होता. थांबवणारंही एक संप्रेरक आहे. काम उरकत आलं की ते नळ्यांना आवर घालतं.

आता यातली वाईट गोष्ट. हा किडा माणसाच्या कातडीवर बसून पितो आणि पुष्कळदा तिथंच घाण करतो. त्या घाणीत कधी एक परजीवी असतो. माणूस झोपेत खाजवतो आणि तो शरीरात शिरतो. ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी 1909 मध्ये हा रोग ओळखला. काहींच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं गप्प राहून हृदय पोखरतो. व्हेनेझुएला, कोलंबियातल्या कुडाच्या घरांत हा किडा भिंतींच्या फटींत राहत आला. तिथल्या कितीतरी आयांचे पाय अम्मीसारखे सुजत असतील, आणि त्यांनाही हीच पाण्याची गोळी मिळत असेल. किड्याच्या नळ्यांना चुकीच्या वेळी हुकूम देऊन त्याला सुकवता येईल का, यावरही संशोधन चालू आहे.

अम्मीनं गोळी लपवली ती का, हे मी अखेर तिच्या डॉक्टरांना सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले. ‘‘हे मला कुणी बोललंच नाही,’’ म्हणाले, आणि प्रवासाच्या दिवशी गोळी मुक्कामी पोचल्यावर घ्यायची, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी आता अम्मीच्या बटव्यात असते.