दुकानाच्या फळीवरचे शिक्षण
(ढाणकी येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



पदवी हाती आली की सरकारी नोकरीची जाहिरात शोधायची, एवढीच वाट आपल्या समाजाने बरीच वर्षे पाहिली. म्हणून आज साबण, तेल, बिस्किटे बनविणाऱ्या कंपन्यांतील विक्री-प्रशिक्षणाविषयी, म्हणजे इंटर्नशिपविषयी, आम्ही बोलणार आहोत.

हिंदुस्थान लिव्हरने 1976 साली उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम सुरू केले आणि पुढे आपले उच्चशिक्षित प्रशिक्षणार्थी काही आठवडे खेड्यात राहावयास पाठविले. गिऱ्हाईक बाटली सोडून एक रुपयाची पुडी का मागते, कापसाचा पैसा येईपर्यंत किराणावाल्याची उधारी कशी चालते, हे ढाणकीच्या मुलामुलींना कोणी शिकवावे लागत नाही. उणीव दुसरीच आहे. पाहिलेले मोजावे, तक्ता मांडावा आणि साहेबांपुढे न अडखळता सांगावे, याची सवय नाही. ती इंटर्नशिपमध्ये लागते. विक्री प्रतिनिधीबरोबर दिवसभर दुकाने फिरायची, कोणता माल फळीवर आहे, कोणता संपला, याची नोंद करायची. पाय दुखतात, दुकानदार खेकसतात, तेही शिक्षणच.

बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. जात कळताच गिऱ्हाइके तुटली. व्यापारात आपली माणसे कमी का, याचे उत्तर आळसात शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता पैशाचे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 साली सुरू झाली, तेव्हा 21 ते 24 वयाच्या तरुणांना वर्षभर दरमहा 5,000 रुपये ठरले. मात्र पूर्णवेळ शिकणारे त्यात बसत नव्हते. तेव्हा नियम वाचून अर्ज करा. नागपूर-पुण्याला खोलीचे भाडे भरून फुकट राबणे गरिबाच्या लेकराला परवडत नाही. विद्यावेतन किती, काम कोणते, प्रमाणपत्र मिळेल की नाही, हे आधी लेखी घ्या. केवळ माल खपविण्याचे लक्ष्य देणारी जागा प्रशिक्षणाची नव्हे.

माल कोणता, हेही विचारा. तथागतांनी उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. दारूच्या कंपनीने दुप्पट विद्यावेतन दिले तरी आमचा सल्ला नकाराचाच राहील. ज्या घरांनी व्यसनापायी शेत गमावले, ती आपल्याच वस्तीत आहेत.

अर्ज भरताना अडचण आल्यास सभेनंतर थांबावे; आम्ही येथेच आहोत. नमो बुद्धाय, जयभीम.