मी वाचवलेला खर्च
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आज सगळ्यांनी संस्थेचं कौतुक केलं. मला मात्र एक कबुली द्यायची आहे. इमारतीचं काम चालू होतं तेव्हा मी खजिनदार होतो. ऐन उन्हाळा, बोअरचं पाणी मचूळ. एक सभासद म्हणाले, "साहेब, कॅनभर पाणी तपासून आणू." बँकेतली सवय! मी तो खर्च कापला. वर म्हणालो, "समुद्र कुठे आणि लासूर स्टेशन कुठे!"

१९८६ च्या जुलैत पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला होता. आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. ती बातमी मी वाचली होती, पण खाऱ्या हवेचा प्रश्न म्हणून सोडून दिली. मीठ पाण्यातून आणि वाळूतूनही घरात येतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

सिमेंटमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं. मग सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून स्लॅबला तडे जातात, पोपडे पडतात. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावं, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. आपल्या पाण्यात किती होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती नोंदच नाही, आणि ती माझ्यामुळे नाही.

माझी नात स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. दिवाळीत तिने मला दोन गोष्टी समजावल्या. नव्या बांधकामात काँक्रीट ओततानाच सेन्सर पुरता येतात. चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा लेप असतो. क्लोराइड दहापट वाढलं की तिचा विद्युतदाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने घसरतो. म्हणजे भिंत न फोडता आतली बातमी बाहेर!

जुन्या इमारतीत मीटरचं एक टोक सळईला जोडतात, दुसरं मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेल्या तांब्याच्या कांडीला. ती कांडी ओल्या स्पंजावरून काँक्रीटला टेकवतात. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर धरतात. मात्र गंजाचं कारण क्लोराइडच आहे का, हे ठरवायला काँक्रीटला छिद्र पाडून निघालेली भुकटी प्रयोगशाळेत द्यावी लागते. भिंतीवरचा प्रत्येक पांढरा लोणा म्हणजे क्लोराइड नव्हे.

बँकेत काही खाती वरून अगदी सुरळीत दिसायची, आतून बुडालेली असायची. टाकीखालच्या तुळईला आपण दोनदा गिलावा करून रंग दिला. तिसऱ्यांदा तडा गेला आहे. त्याखालूनच मुलं शाळेत जातात.

आपल्या उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी करायचं असतं. रौप्यमहोत्सवानिमित्त रंगकामाचा ठराव आला आहे. माझी हात जोडून विनंती आहे, आधी तपासणी, मग रंग. पाणी तपासायचे पैसे मी तेव्हा वाचवले होते. या तपासणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.