जोनने पाहिलेली शाळा



जोन ट्रम्पॉवर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, एका गोऱ्या कुटुंबात वाढली.
गोऱ्यांची शाळा वेगळी, कृष्णवर्णीयांची वेगळी.
तिला ते नेहमीचंच वाटे.

दहाएक वर्षांची असताना ती जॉर्जियात आजीकडे गेली.
मैत्रिणीबरोबर कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिरली.
तिथली शाळा म्हणजे एक मोडकळीला आलेली खोली.
गोऱ्या मुलांची शाळा मात्र नवी, विटांची!

ती एक खोली जोन विसरली नाही.

कॉलेजात गेल्यावर ती कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर या भेदभावाविरुद्ध धरणं धरू लागली.
घरच्यांना ते मुळीच रुचलं नाही. तरी ती थांबली नाही, हे विशेष.

१९६१ मध्ये ती ‘फ्रीडम रायडर्स’मध्ये, म्हणजे वर्णभेद मोडण्यासाठी एकत्र प्रवास करणाऱ्या गोऱ्या-काळ्या कार्यकर्त्यांमध्ये, सामील झाली.
वय अवघं एकोणीस.
मिसिसिपीत पोलिसांनी तिला पकडलं. पार्चमन तुरुंगात ठेवलं.

ती एक खोली अजून मनात होतीच.

सुटल्यावर जोनने प्रवेश घेतला, तो कृष्णवर्णीयांच्या टूगलू कॉलेजात.